एकाच रुग्णाची तीन नावं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी नागपुरात एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत आहे. शहरातल्या एका रुग्णालयाचं काम आमच्याकडे आहे. त्यांची ओपीडीची नोंदणी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे, औषधांचं बिलिंग जुन्या ओरॅकल डेटाबेसवर चालतं आणि लॅबवाले दर सोमवारी एक्सेलमधून काढलेली सीएसव्ही फाइल पाठवतात. तिन्ही मिळून एक नवा अहवाल करायचा आहे. टेस्टिंगसाठी पुण्याच्या टीमला डेटा द्यायचा, पण खरी नावं, मोबाइल आणि आधार क्रमांक द्यायचे नाहीत, असं रुग्णालयानं बजावलं आहे. आम्ही तिघांनी तीन ठिकाणी मास्किंगच्या, म्हणजे खरी माहिती बदलून खोटी घालण्याच्या, स्क्रिप्ट लिहिल्या. आता ओपीडीतली बाई बिलात पुरुष होऊन राहिली आहे आणि लॅबच्या फाइलीत तर ती सापडतच नाही. आमचे सर म्हणतात, वेळ नाही, करारावर सह्या झालेल्या आहेत, खराच डेटा पाठवून द्या. काय करू? — एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : खरा डेटा पाठवू नका. तुमच्या सरांना २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ८ वाचायला द्या. ज्याच्या सांगण्यावरून डेटा वापरला जातो, त्या संस्थेची जबाबदारी कुठल्याही करारानं टळत नाही, काम दुसऱ्या कंपनीकडून करून घेतलं तरी टळत नाही, असं तिथं पहिल्याच पोटकलमात आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. करारावरच्या सह्यांनी रुग्णालय सुटत नाही, आणि तुमचं सगळं काम त्या रुग्णालयाच्याच विश्वासावर चालतं.

पण दंड हे माझ्यासाठी खरं कारण नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशाच एका कामावर होते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्यांचा डेटा होता. आपल्या पूर्व विदर्भात या आजाराचं नाव घरोघरी माहीत आहे आणि लग्नाच्या बोलणीत ते हळू आवाजात विचारलं जातं. मी नावं आणि फोन बदलले, पण गाव, वय आणि तपासणीची तारीख तशीच ठेवली. डेटा ज्या कार्यालयात गेला, तिथला एक कारकून त्याच गावचा निघाला. भंडारा जिल्ह्यातलं लहानसं गाव, त्या वयाची मुलगी एकच. त्यानं तिला ओळखलं आणि गोष्ट तिच्या होणाऱ्या सासरपर्यंत गेली. ते लग्न मोडलं. माझ्या स्क्रिप्टमध्ये त्या दिवशी एकही एरर आला नव्हता. तेव्हापासून डेटाची कॉपी कुणाला देताना मी प्रत्येक रकान्यासमोर थांबते.

आता तुमच्या गुंत्याकडे. तिन्ही स्क्रिप्ट बहुतेक यादीतून कुठलंही नाव आणि कुठलेही दहा आकडे उचलत असणार. एकाच टेबलाचं काम असतं तर ते चाललं असतं. पण तुम्हाला हवं आहे ते असं की, खऱ्या एका क्रमांकाला ओपीडीत जो खोटा क्रमांक मिळेल, तोच बिलात आणि तोच लॅबमध्ये मिळावा. आज मिळाला तो पुढच्या सोमवारीही मिळावा. म्हणजे खोटा क्रमांक फक्त दोन गोष्टींवरून ठरायला हवा : खरी किंमत आणि तुमच्याजवळची एक गुप्त किल्ली. कुठली स्क्रिप्ट, कुठलं टेबल, कुठला दिवस याचा त्यात काहीही हात नको.

इथं पुष्कळ जण म्हणतात, सोपं आहे, एसएचए-२५६चा हॅश लावा. हॅश म्हणजे मजकुरावरून गणितानं काढलेली ठरावीक लांबीची खूण; तोच मजकूर दिला की तीच खूण येते. तो उलटा फिरवता येत नाही. उलटा फिरवता येत नाही हे खरं, पण फिरवायची गरजच पडत नाही. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक दहा अंकी आणि ६ ते ९ यांनी सुरू होणारे, म्हणजे फार तर ४०० कोटी. आधारचा पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून व्हरहॉफच्या तपासणी-अंकाच्या रीतीनं निघतो, म्हणजे ८,००० कोटी शक्यता. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काहीशे कोटी हॅश काढतं. सगळ्या मोबाइल क्रमांकांचे हॅश काढून तुमच्या फाइलीशी ताडायला चहा थंड व्हायच्या आत वेळ पुरतो. २०१४ साली न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या १७ कोटींहून जास्त फेऱ्यांचा डेटा असाच नुसता एमडी५ नावाचा जुना हॅश लावून खुला झाला. टॅक्सी परवान्यांचे क्रमांक मोजकेच असतात, त्यामुळे ते दोन तासांत उघडे पडले.

म्हणून किल्ली घातलेला हॅश वापरा. त्याला एचमॅक म्हणतात. किल्ली म्हणजे ३२ बाइटची, संगणकानं यादृच्छिक काढलेली. रुग्णालयाचं नाव आणि साल जोडून केलेली नव्हे. ती हातात नसेल तर ४०० कोटी क्रमांक तपासूनही कुणाला काही लागत नाही. पोस्टग्रेसमध्ये पीजीक्रिप्टो या जोडणीमुळे एचमॅक मिळतो, पण तुमच्या जुन्या ओरॅकलमध्ये कदाचित एसएचए-२५६चा एचमॅक नसेल. तो १२सी आवृत्तीपासून आला. त्यामुळे तीन ठिकाणी तीन भाषांत तीच गोष्ट लिहू नका. तिन्हीकडचा डेटा रुग्णालयाच्याच आवारातल्या एका संगणकावर काढा आणि तिथं पायथनचं एकच फंक्शन चालवा. त्या भाषेत एचमॅक आधीपासून असतो.

एवढं करूनही पहिल्या दिवशी निम्म्या ओळी जुळणार नाहीत. हॅशच्या दृष्टीनं एक रिकामी जागासुद्धा वेगळा माणूस करते. खरी मेहनत हॅश लावण्याआधीची आहे, आणि तिथंच तुमचा आठवडा जाईल.

ओरॅकलमध्ये रकाना ठरावीक लांबीचा असेल तर मोबाइलच्या मागे रिकाम्या जागा भरलेल्या असतात. पोस्टग्रेसच्या साध्या टेक्स्ट रकान्यात त्या नसतात. ओपीडीत कुणी +९१ लावतं, कुणी आधी शून्य, कुणी मधे एक डॅश. लॅबच्या फाइलीत तर दोन संकटं आहेत. एक्सेलच्या साध्या रकान्यात अकरापेक्षा जास्त आकडे आले की ते ई+११ अशा रूपात दिसतात, आणि सीएसव्ही करताना जे दिसतं तेच लिहिलं जातं. आधार बारा अंकी, म्हणजे नेमका तोच बळी पडतो. +९१ लावलेला मोबाइलही बारा अंकी होतो आणि त्याचीही तीच गत. ही फाइल दुरुस्त करता येत नाही, कारण मधले आकडे गेलेले असतात. लॅबवाल्यांना सांगा, फाइल एक्सेलमध्ये न उघडता त्यांच्या सॉफ्टवेअरमधून थेट काढा, किंवा तो रकाना आधी टेक्स्ट करा. आणि फाइलीत कुठं देवनागरी आकडे असतील तर तेही बदलून घ्या. ९ आणि त्याचा इंग्रजी जुळा भाऊ हॅशला ओळख देत नाहीत.

नावांचं तर विचारूच नका. वऱ्हाडपांडे हे आपलंच आडनाव घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांत, एकाच अक्षराचा असतो, किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा दोन तुकड्यांचा असतो, आणि जुन्या टायपिंगमध्ये तो र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असा तिसऱ्याच रीतीनं येतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण हॅश तीन निघतात. पहिले दोन एनएफसी नावाच्या प्रमाणीकरणानं एक होतात; तिसरा तुम्हाला स्वतः शोधून बदलावा लागतो. शिवाय बिलिंगमध्ये नावं इंग्रजीत असणार, आणि एकाच चौधरींची चार स्पेलिंगं मी एकाच महिन्याच्या बिलांत पाहिली आहेत. म्हणून नावावरून माणूस जुळवू नका. आधी रुग्णालयातच बसून एक यादी करा : ओपीडीचा हा रुग्ण क्रमांक म्हणजे बिलातलं हे खातं म्हणजे लॅबमधली ही नोंद. जिथं खात्री नाही तिथं तिथल्या नोंदणीच्या ताईंना विचारा. कुणाचा मुलगा कुणाच्या नावावर औषध नेतो हे त्यांना पाठ असतं.

मग दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. खोटं नाव आणि लिंग रुग्ण क्रमांकावरून ठरवा. म्हणजे बाई सगळीकडे बाईच राहील आणि स्पेलिंगच्या भानगडीचा प्रश्न येणार नाही. खोटा मोबाइल मात्र खऱ्या मोबाइलवरूनच ठरवा, रुग्ण क्रमांकावरून नको. गडचिरोलीहून, गोंदियाहून मेडिकलला आलेली माणसं नागपुरातल्या भाच्याचा नंबर देतात. एका नंबरावर पाच रुग्ण असतात. तुम्ही प्रत्येकाला वेगळा खोटा नंबर दिलात तर ते नातं पुसलं जाईल, आणि नेमक्या याच ठिकाणी अहवालाचा प्रोग्राम फसतो की नाही हे टेस्टिंगमध्ये कळणार नाही.

रिकाम्या रकान्यांना हॅश लावू नका. रिकाम्या मजकुराचाही एचमॅक निघतो, आणि मग फोन नसलेले सगळे रुग्ण एकाच खोट्या नंबराखाली गोळा होतात. ओरॅकल रिकामा मजकूर आणि ‘काहीच नाही’ यांत फरक करत नाही, पोस्टग्रेस करतो. म्हणून दोन्हीकडचे रिकामे आधी एकाच रूपात आणा. नोंदणीच्या खिडकीवर गर्दीच्या वेळी दहा वेळा ९ टाइप केलेले नंबरही रिकामेच समजा.

आता खोटा क्रमांक कसा दिसावा? खरा वाटावा अशी टेस्टिंगवाल्यांची मागणी असते. तिथं माझा ठाम विरोध आहे. ६ ते ९ नं सुरू होणारा खोटा मोबाइल हा कुणाचा तरी खरा मोबाइल असू शकतो. टेस्टिंगच्या सर्व्हरवर एसएमएस चुकून सुरू राहिला तर धरमपेठेतल्या कुण्या अनोळखी माणसाला दुसऱ्याच्या नावाचा रक्ताचा रिपोर्ट जाईल. म्हणून मोबाइल आणि आधार दोन्ही १ नं सुरू करा. तसा मोबाइल नसतो, तसा आधारही नसतो, आणि शून्यासारखा तो एक्सेलमध्ये गळूनही पडत नाही. आधार तपासणारा कोड टेस्टिंगमध्ये तेवढ्यापुरता सैल ठेवायला सांगा.

१ नंतर नऊ आकडे उरले, म्हणजे १०० कोटी क्रमांक. पुरेसे वाटतात, पण एचमॅक कापून नऊ आकडे काढलेत तर २ लाख मोबाइलमध्ये साधारण २० जोड्या एकमेकांवर आदळतील, म्हणजे दोन अनोळखी माणसं एक होतील. म्हणून खऱ्या-खोट्याची जोडी लिहून ठेवणारं एक टेबल ठेवा : क्रमांक निघाला, तो आधी कुणाला दिला असेल तर पुढचा घ्या, नसेल तर नोंदवा. ते टेबल आणि किल्ली रुग्णालयाच्या बाहेर जाता कामा नये, तुमच्या लॅपटॉपवरही नको. टेबल ठेवायचंच नसेल तर आकड्यांचं रूप राखणारं एन्क्रिप्शन मिळतं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं २०१६मध्ये एफएफ१ आणि एफएफ३ या दोन रीती प्रमाण केल्या. पुढच्याच वर्षी एफएफ३मध्ये खोट सापडली, तेव्हा एफएफ१च घ्या. त्यात दोन क्रमांक कधीच आदळत नाहीत. मात्र पहिला अंक १ राखायचा तर रकाना एका आकड्यानं वाढवावा लागेल.

तारखांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी त्या भंडाऱ्याच्या मुलीमुळे सांगते. जन्मतारीख, ओपीडीची तारीख, रक्त घेतल्याची तारीख, बिलाची तारीख, सगळ्या एकाच संख्येनं सरकवा. ती संख्या रुग्ण क्रमांकाच्या एचमॅकवरून काढा. प्रत्येक रुग्णाची वेगळी, पण त्या रुग्णाची तिन्हीकडे तीच. सातच्या पटीत घेतली तर रविवार रविवारच राहतो. तपासणीनंतर औषध किती दिवसांनी सुरू झालं, तेव्हा बाळ किती महिन्यांचं होतं, हे सगळं जसंच्या तसं राहतं. गाव काढून टाका, जिल्हा ठेवा. जिल्ह्यात एखाद्या दुर्मीळ आजाराचे दोन-तीनच रुग्ण असतील तर त्या ओळी देऊच नका. लॅबच्या फाइलीतला ‘शेरा’ हा रकाना पूर्ण वगळा. तिथं ‘रुग्णाच्या भावाला कळवलं’ असं लिहून पुढं नाव-नंबर असतो, आणि तुमचं फंक्शन तिथवर पोचत नाही.

हे सगळं इतक्या तपशिलानं सांगते, कारण तुम्ही जी जुळणी मिळवण्यासाठी धडपडता आहात, तीच ओळखणाऱ्याच्याही कामी येते. तीन फाइली सुट्या होत्या तोवर प्रत्येकीत थोडंसं होतं. जुळल्या की एका माणसाचं सगळं आयुष्य एका रांगेत येतं. १९९७मध्ये लतान्या स्वीनी या संशोधिकेनं मॅसॅच्युसेट्सच्या तेव्हाच्या गव्हर्नरांची रुग्णालयातली नोंद नाव नसलेल्या डेटातून शोधून काढली. हाताशी होती मतदार यादी, आणि दोन्हींत होते पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग. पुढे १९९०च्या जनगणनेवरून त्यांनी काढलं की, अमेरिकेतले ८७ टक्के लोक या तीनच गोष्टींवरून एकटे ओळखू येण्यासारखे आहेत. म्हणून नावं बदललेला तुमचा डेटाही वैयक्तिक डेटाच समजा, आणि पुण्याच्या टीमला तो परत द्यायची किंवा पुसायची तारीख लेखी ठरवून द्या. उद्या दुसऱ्या कुणाला डेटा द्यायचा झाला तर त्याच्यासाठी नवी किल्ली काढा, म्हणजे दोघांनी आपल्या फाइली एकत्र ठेवल्या तरी जुळणार नाहीत.

पाठवायच्या आदल्या संध्याकाळी एक तपासणी करा. रुग्णालयातल्या खऱ्या, पण साफ केलेल्या आणि न द्यायच्या ओळी वगळलेल्या डेटावर ओपीडी आणि लॅब जोडून किती ओळी येतात ते मोजा. ओपीडी आणि बिल जोडून मोजा. एका मोबाइलवर पाचपेक्षा जास्त रुग्ण किती ठिकाणी आहेत तेही मोजा. मग तेच तीन आकडे खोट्या डेटावर काढा. एकाचाही फरक असेल तर फाइल तिथंच थांबवा. पुढच्या सोमवारच्या लॅब फाइलीनंतर हे पुन्हा करा. कुणीतरी मधेच किल्ली बदलली तर ते इथंच पहिल्यांदा कळेल.

तुमच्या सरांकडे एक आठवडा मागा. लागलंच तर हा अंक त्यांच्या टेबलावर ठेवा.

प्रश्न : मी इतवारीतल्या एका पतसंस्थेत काम करते. आमचे ३,००० सभासद आहेत. ऑडिटला यादी देताना आधारचे पहिले आठ आकडे फुल्या मारून लपवते, शेवटचे चार ठेवते. कर्जाची यादी आणि ठेवींची यादी त्या चार आकड्यांवरून जुळवतात. हे योग्य आहे ना? — एक वाचक, नागपूर

उत्तर : लपवण्यापुरतं योग्य. आधारची अधिकृत मास्क केलेली प्रतही शेवटचे चारच आकडे दाखवते. जुळवण्यासाठी मात्र मुळीच नाही. चार आकड्यांचे प्रकार १०,००० आणि सभासद ३,०००; साधा हिशेब केला तर सुमारे ४५० जोड्यांचे शेवटचे चार आकडे सारखेच निघतील. एकाचं कर्ज दुसऱ्याच्या ठेवीसमोर लागलं तर त्या सभासदाला किती फेऱ्या माराव्या लागतात हे तुम्ही खिडकीवर बसून रोज पाहत असाल. दोन्ही याद्यांत सभासद क्रमांकाऐवजी एक वेगळा खूण-क्रमांक द्या, दोन्हीकडे तोच, आणि त्याची वही तुमच्या कपाटात ठेवा. अजून एक : एक्सेलमध्ये रकाना ‘हाइड’ केला म्हणजे तो गेला असं नाही. फाइल मिळालेला कुणीही तो एका क्लिकमध्ये उघडतो. रकाना पुसून फाइल नव्या नावानं सेव्ह करा.

प्रश्न : मी विद्यार्थिनी आहे. त्याच बायकांचं सर्वेक्षण सलग तीन वर्षं करणार आहे. मार्गदर्शक म्हणतात, पहिल्या वर्षी नावांचा हॅश काढला की किल्ली नष्ट कर, म्हणजे गोपनीयता पक्की. — एक वाचक, वर्धा रोड, नागपूर

उत्तर : किल्ली आत्ता नष्ट केलीत तर दुसऱ्या वर्षीची एकही बाई पहिल्या वर्षीच्या नोंदीशी जुळणार नाही. तिसऱ्या वर्षीची शेवटची मुलाखत भरून, जुळणी तपासून झाल्यावर ती नष्ट करा, आणि संमतिपत्रात ती तारीख त्या बायकांना आधीच वाचून दाखवा. तोवर किल्ली तुमच्याकडे नको. विभागात कुलपातल्या पाकिटात ठेवा आणि पाकीट उघडताना दोन सह्या लागतील अशी सोय करा. हॅशही नावावर काढू नका; लग्नानंतर आडनाव बदलतं, माहेरी गेली की पत्ता बदलतो. पहिल्या भेटीतच प्रत्येकीला एक क्रमांक द्या आणि तो तिच्याकडच्या कार्डावर लिहून द्या.